मोठेबाबांचं मरण कोणत्या गावचं?

आमचे मोठेबाबा नक्की कुठे वारले, हे मला सांगता येत नाही. ते वारले तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन बसलो होतो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी सगळी माया माझ्यावर केली आणि सगळा खर्चही माझ्यावरच केला. गावातली शाळा संपल्यावर दारव्हा, दारव्हा संपल्यावर यवतमाळचं कॉलेज, असं मला त्यांच्या कपाशीनं शिकवलं. मी बीएस्सी झालो, घराण्यातला पहिला पदवीधर, तेव्हा त्यांनी बोरी अरबच्या बाजारातून पेढे आणले आणि गावभर वाटत सांगितलं, "पोट्टा सायन्स झाला!" (म्हणजे नेमकं काय झाला, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही ते पुढे ग्रामपंचायतीतच कळलं.)

तेव्हापासून घरात कागद, बटण किंवा इंग्रजी अक्षर असलेली कोणतीही वस्तू आली की हाक यायची, "राजूले बोलवा, थो शिकलेला हाये." गाव तर मला मास्तरच म्हणायला लागलं. गॅसचा नंबर लावायला मी, पीकविम्याचा मेसेज वाचायला मी, मिक्सर बिघडला तरी मीच. त्यामुळे मोठेबाबांना यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्यांच्या उशाशी कोण बसणार हा प्रश्नच नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता सेवा करा." मोठेबाबांनी मात्र डॉक्टरांच्या आधीच मोठीआईला, म्हणजे माझ्या काकूला, सांगून ठेवलं होतं, "मले इथं मरू देऊ नको. आपल्या घरी ने." मोठीआईनं शब्द दिला. मी सही करून सुटी घेतली आणि आमच्या शेजारच्या तांड्यावरचा प्रेमदास आपली काळीपिवळी जीप घेऊन आला. मागच्या भागात गादी टाकली. एका बाजूला मोठीआई, एका बाजूला मी, मधे मोठेबाबा. मी विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे बसल्या बसल्या त्यांचं मनगट धरलं.

"हाय ना रे?" मोठीआईनं विचारलं.

"आहे ना! ठोके एकदम मस्त!"

मोहफाट्याजवळ गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघायला लागली. प्रेमदास आणि मी कॅन घेऊन हापशीवर पाणी आणायला गेलो. परत आलो तर मोठीआई मोठेबाबांच्या अंगावरची शाल सारखी करत होती आणि एक चहावाला रिकामा ग्लास घेऊन तरातरा चालला होता.

"चहा घेतला का मोठीआई?"

"मी घेतला," ती घाईघाईनं म्हणाली. "त्याईले झोप लागली. चाल आता."

मी परत मनगट धरलं. ठोके सुरेख! प्रेमदासनं गाडी काढली. दर वळणावर मोठीआई विचारायची, "हाय ना?" आणि मी म्हणायचो, "आहे!" मधे एकदा तर मी असंही म्हणालो, "दवाखान्यात होते त्याच्यापेक्षा सुधारले!"

गाडी आमच्या अंगणात थांबली. मोठीआईनं चमच्यानं पाणी त्यांच्या ओठांना लावलं आणि ओरडली, "घोट गेला! घरचा घोट गेला!" शेजारचे गुलाबकाका पुढे झाले. त्यांनी नाकाशी हात धरला, कपाळाला हात लावला आणि मान हलवली.

"अबे, हे तं थंडगार हायेत."

"काका, नाडी लागून राहिली आहे!" मी म्हणालो.

"राजू, सोड."

"पण लागते आहे ना काका!"

शेवटी चौघांनी मिळून माझी बोटं सोडवली. लोकांना वाटलं, पोराला दुःख सहन झालं नाही. ते खरंच होतं. पण नाडीही खरंच लागत होती!

तेरवीपर्यंत मोठीआईनं आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं, की घरी आल्यावर त्यांनी डोळे उघडले, देवाचं नाव घेतलं आणि गेले. भजनी मंडळाच्या बुवांनी ते तेरवीला सगळ्या गावाला सांगितलं, तेव्हा त्यात मोठेबाबांनी हातही जोडले होते. मी नाडी धरून होतो, मला हे काहीच दिसलं नव्हतं. पण मी म्हटलं, आपलं लक्ष मनगटाकडे असेल.

मग दाखल्याचा विषय निघाला. सातबाऱ्यावर मोठीआईचं नाव चढवायचं तर मृत्यूचा दाखला लागतो. पण मोठीआईला शेताची घाई नव्हती.

"शेत चढन का नाई चढन," ती म्हणाली, "कागदावर घर लिवून पायजे. घरी मेले म्हनून. मी त्याईले शब्द देल्ला हाये."

"सोपं आहे," मी म्हणालो. (हे वाक्य मी आता बोलत नाही.)

आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक गावंडे साहेब मोठे सज्जन माणूस. संगणक चालू होता, वीज होती, नेट होतं. म्हणजे देवाची पूर्ण कृपा होती. साहेबांनी विचारलं, "कुठी वारले?"

"घरी," मोठीआई म्हणाली.

साहेब टाइप करायला लागले. एवढ्यावर काम झालं असतं. पण सरकारी कामात खरी आणि संपूर्ण माहिती द्यावी, असं शाळेत गुरुजींनी सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मी म्हणालो, "साहेब, तसं पाहिलं तर आम्ही त्यांना गाडीतून आणत होतो. पोचलो तेव्हा गुलाबकाका म्हणाले की थंड आहेत."

साहेबांची बोटं थांबली. मोठीआईनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा दाखला माझाच निघतो की काय, असं वाटलं.

"म्हंजे गाडीत वारले?"

"नाही, नाही साहेब! घरी पोचेपर्यंत जिवंत होते. मी वैज्ञानिक पद्धतीनं नाडी धरली होती."

"कशी धरलती?"

साहेबांनी काही आपला हात पुढे केला नाही. म्हणून मी शेजारच्या लाकडी खुर्चीचा हात धरला. "समजा, हा मोठेबाबांचा हात. असा अंगठा ठेवला, असा दाबला, आणि... हे बघा, लागतात ठोके!"

साहेबांनी कीबोर्ड बाजूला सारला.

"कोनाले?" साहेबांनी विचारलं.

मी पुन्हा अंगठा दाबला. खुर्चीचे ठोके हुबेहूब मोठेबाबांच्या ठोक्यांसारखे होते! नियमित, भरदार, सुधारत चाललेले!

साहेब उठले. त्यांनीही खुर्चीवर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मलेबी लागून राह्यले." मग डोळे उघडून म्हणाले, "अहो मास्तर, हे आपल्या सोताच्या अंगठ्याचे ठोके हायेत! बीएस्सी कशात झालते तुम्ही?"

"वनस्पतिशास्त्रात."

साहेबांनी त्या सागवानी खुर्चीकडे पाहिलं. "मंग बरोबर हाये," ते म्हणाले.

मोठीआईला समजायला थोडा वेळ लागला. "राजू," ती हळूच म्हणाली, "म्हंजे यवतमाळपासून तू सोतालेच पाहून राह्यला होता, जिता हाये का नाई थे?"

मी खुर्ची सोडली.

आता साहेबांचीही पंचाईत झाली. ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येईना. "मृत्यू जिथं होते, तिथंच नोंद होते. तुम्ही आधी दवाखान्यात विचारून या," ते म्हणाले.

मी यवतमाळला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी संगणकात पाहिलं. "पेशंट जिवंत गेला. ही तुमचीच सही ना?"

"हो, पण ते वारले."

"इथं नाही वारले."

"मग तसं लिहून द्याल का, की इथून निघाले तेव्हा जिवंत होते आणि घरी पोचेपर्यंत..."

"दादा, आमच्या दारापर्यंत जिवंत होते एवढं लिहून देते. दाराच्या पुढचं मला काय माहीत?"

त्या दाराच्या पुढे बसस्टँडपर्यंत मी विचार करत चाललो. दवाखाना म्हणतो, आमच्याकडून जिवंत गेले. गाव म्हणतं, आमच्याकडे मेलेले आले. मग मोठेबाबा मेले कुठे? माणूस जन्मभर एका गावात राहतो आणि मरणाच्या वेळी कोणत्याच गावात नसतो, असं कसं होईल?

ते कसं होतं, हे गावंडे साहेबांनी दारव्ह्याला तालुक्याच्या ऑफिसात फोन लावून विचारलं. फोन ठेवून म्हणाले, "असा नियम हाये का चालत्या गाडीत मानूस वारला, तं गाडी पुढं जिथं पहिल्यांदा थांबली, त्या गावात नोंद करा लागते. अन् खबर गाडीवाल्यानं द्या लागते. कुठी थांबली होती गाडी?"

"मोहफाट्याला," मी म्हणालो. (खरी आणि संपूर्ण माहिती!)

मोठीआई मटकन खाली बसली. "फाट्यावर? चहाच्या टपरीवर मेले म्हनून लिवनार? काहून रे राजू, तुले कोनी इचारलं होतं का?"

प्रेमदास तर खबर द्यायला तयारच होईना. "याडी, माया गाडीत कोनी मेलं नाई!" त्यानं मोठीआईचे पायच धरले. त्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. "आता लगीनसराई सुरू होऊन राह्यली. गाडीत मानूस मेला म्हनून सरकारी शिक्का बसला, तं नवरी बसन का माया गाडीत? बुढेबाबा यवतमाळले मेले असतीन, नाई तं घरी मेले असतीन. मंधात कोनी मेलं नाई!"

"अरे, मंधातलंच इचारून राह्यले ना थे!"

"मंधात गाडी तापली होती, बस!"

शेवटी मोठीआईनं त्याला सांगितलं, "चाल मोहफाट्याले. तिथल्या साहेबाले हात जोडतो मी, का बापा आमचा मानूस तुमच्या गावात लिवू नको." आणि आम्ही तिघं त्याच जीपनं, त्याच रस्त्यानं निघालो. या वेळी मी पुढच्या सीटवर बसलो. मागे बसायची मोठीआईनं परवानगी दिली नाही.

मोहफाट्याच्या ग्रामसेविका मॅडम तरुण होत्या. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे तुम्हाला इथं मृत्यूची नोंद करायची आहे?"

"नाही मॅडम. आम्हाला इथं नोंद करायची नाही."

"मग आलात कशाला?"

"नियमानुसार इथं होते, म्हणून ती होऊ नये यासाठी."

मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "तुम्ही त्यांचे कोण?"

"पुतण्या. पदवीधर."

तेवढ्यात ऑफिसचा चहा घेऊन चहावाला आत आला. त्यानं मोठीआईकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि किटली टेबलावर आपटली.

"वा बाई वा! सापडले! कुठी हाये तुमचा बुढा?"

मोठीआईनं पदर पार नाकापर्यंत ओढला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हे बाई त्या दिवशी जीपमधी होते. बुढ्याले म्हने घोटभर चहा द्या. मी सोता गाडीपाशी नेऊन देल्ला, अद्रक टाकून! बुढ्यानं एक घोट घेतला अन् एवढ्या मोठ्यानं बोलला का टपरीवरच्या साऱ्या गिऱ्हाईकायनं आयकलं!"

"काय बोलले?" मी आणि मॅडमनी एकदमच विचारलं.

"म्हने, हा चहा व्हय का? ह्याच्यापेक्षा सलाईन बरं होतं!"

मी मोठीआईकडे पाहिलं. पदराच्या आतून आवाज आला, "आयकू नको त्याचं. त्याईनं देवाचं नाव घेतलं होतं."

"देवाचं कायचं नाव घेते बाई! तवापासून गिऱ्हाईक मले म्हनते, सलाईन दोन द्या! बोलवा त्या बुढ्याले!"

"ते वारले," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

चहावाल्याचा चेहरा पांढरा पडला. तो किटलीजवळून दोन पावलं मागे सरकला. "माया चहानं?"

"नाही हो काका."

"एकच घोट घेतला होता! बाकीचा यायनं पेला!" त्यानं मोठीआईकडे बोट दाखवलं. "याईले काई झालं का? मॅडम, माया चहाचं नाव कागदावर लिवू नका, पाया पडतो!"

एकंदरीत मोठेबाबांचं मरण आपल्याकडे नको म्हणणाऱ्यांत आता चहावाल्याची भर पडली. दवाखाना, प्रेमदास, चहावाला, सगळे हात झटकून उभे! आणि मी मधे उभा राहून कुणाचं म्हणणं कुणाविरुद्ध आहे याचा हिशेब लावत होतो, तर मॅडम शांतपणे म्हणाल्या,

"थांबा जरा. चहा पिऊन बोलले म्हणजे गाडी इथं थांबली तेव्हा जिवंत होते."

"बिलकुल जिवंत! असा खेकसला का..."

"आणि नंतर गाडी कुठं थांबली?"

"घरी," प्रेमदास म्हणाला. "सिधी यायच्या आंगनात."

"मग मधे केव्हाही वारले असोत, त्यानंतरचा पहिला थांबा तुमचं घर. नोंद तुमच्या गावात होईल. आमचा काही संबंध नाही."

मला ते कळायला वेळ लागला. मी खिशातला पेन काढून टेबलावरच्या पेपरच्या कोपऱ्यावर यवतमाळ, मोहफाटा आणि आमचं घर असे तीन गोल काढले, बाण काढले आणि दोनदा चुकीच्या गोलावर पोचलो. तोवर मोठीआई पदर सारून, डोळे पुसून चहावाल्यासमोर उभी होती.

"भाऊ, आमच्या गावी येऊन एवढं सांगशीन का?"

चहावाल्यानं किटलीखालची फडकी खांद्यावर टाकली. "चाला बाई. बुढा जिता होता, एवढं तं मी कुठीबी सांगतो."

आमच्या ग्रामपंचायतीत गावंडे साहेबांनी जबाब घेतला. पंच म्हणून सरपंच आले, गुलाबकाका आले आणि (दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून) भजनी मंडळाचे बुवा आले. प्रेमदासनं खबर दिली. साहेबांनी दाखल्यावर गाडीचा नंबर येत नाही हे त्याला शपथेवर सांगितलं होतं. चहावाल्यानं सांगायला सुरुवात केली. साहेब लिहिता लिहिता थांबले.

"काय बोलले, थे लिवा लागन. शुद्धीवर होते, हे दिसलं पायजे."

बुवांनी कान टवकारले. "देवाचं नाव घेतलं ना त्याईनं? मी तं साऱ्या गावाले सांगतलं."

सगळे मोठीआईकडे पाहायला लागले. बाहेरच्या खिडकीशीही पाच-सात डोकी जमली होती. आता तिनं "हो" म्हटलं असतं तर चहावाल्याचा जबाब खोटा ठरून दाखला अडला असता, आणि "नाही" म्हटलं तर उद्या पाणवठ्यापर्यंत तिचीच चर्चा! मी काही बोलायला तोंड उघडलं. तिनं हातानंच मला बसवलं.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "चहालेच बोलले थे. देवाचं नाव मी घेतलं होतं. जनमभर माया चहाले नाव ठेवलं त्याईनं. शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या चहाले ठेवलं, तं मले बरंच वाटलं. लिवून टाका. पन घरी लिवा."

बुवांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि सही केली. चहावाल्यानं डोळे पुसले. "बाई, दूध जरा पानचटच होतं त्या दिवशी," तो हळूच म्हणाला.

दाखला हातात आला तेव्हा मोठीआईनं तो मला वाचायला लावला. नाव, वडिलांचं नाव, मग मृत्यूचं ठिकाण: राहते घर. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग एकदा आणखी. घरी आल्यावर तिनं तो मोठेबाबांच्या फोटोसमोर धरला आणि नेहमीच्या भांडणाच्या आवाजात म्हणाली, "आनलं ना घरी? लेखी आनलं!"

मला भरून आलं. ज्या माणसानं मला कागद वाचायला शिकवलं, त्याच्यासाठी निदान एक कागद तरी मिळवला, असं मनात आलं. मी मोठीआईच्या पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला.

"राजू, तू लय धावला बापा. एक आयक. माया वक्ती तू गाडीत बसू नको. मोटरसायकलनं मांगून ये."

मी हो म्हणालो. पण गाव ते गावच! आता कुणालाही यवतमाळहून घरी आणायचं असलं, की पुढचे कागद मलाच करता येतात म्हणून मला बोलावतात, आणि जीपच्या मागे मोटरसायकलवर ठेवतात. परवा प्रेमदासच्या सासऱ्यांना आणलं. दर फाट्यावर मी जरा जवळ गेलो, की म्हातारबुवा खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरानं हलवायचे आणि ओरडायचे, "मास्तर, जिता हावो मी! तुम्ही पाहू नका!"